जुन्या प्रोसेसरचा स्वस्त लॅपटॉप घेताना नेमके काय पाहावे?

मुलीच्या महाविद्यालयीन अभ्यासासाठी मर्यादित पैशांत लॅपटॉप घ्यायचा आहे आणि आपल्यासमोर तीन यंत्रे आहेत, असे आपण लिहिले आहे. पहिले यंत्र एका कार्यालयात वापरून बाहेर पडलेले आहे. त्यात सहाव्या पिढीचा आय-५ ६३०० यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (फिरते भाग नसलेली जलद साठवण) आणि विंडोज १० आहे. दुसरे कोरे करकरीत आहे. त्यात सेलेरॉन एन ४०२०, ४ जीबी रॅम, ६४ जीबीची ईएमएमसी साठवण (मदरबोर्डवर कायमची बसवलेली चिप) आणि विंडोज ११ आहे. तिसरेही वापरलेलेच आहे. त्यात चौथ्या पिढीचा आय-७, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ७ आहे. काम म्हणाल तर लेखन, तक्ते, सादरीकरणे, व्हिडिओवरून होणारे वर्ग आणि इंटरनेटवरचे वाचन. यांपैकी कोणते घ्यावे आणि जुनी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) व जुना प्रोसेसर यांनी कितपत अडेल, हा आपला प्रश्न आहे.

माझे मत आधीच सांगतो आणि मग कारणे देतो. तिसरे यंत्र आहे त्या स्थितीत घेऊ नये. दुसरे नवे असले तरी या कामासाठी घेऊ नये. पहिले चालेल, पण दोन-तीन गोष्टी पडताळून आणि त्याची कार्यप्रणाली बदलण्याची तयारी ठेवूनच. आठ-पंधरा दिवस थांबता येत असेल, तर पहिल्यासारखेच, कार्यालयीन जातीचे, परंतु आठव्या पिढीच्या प्रोसेसरचे यंत्र शोधावे. या किमतीच्या आसपास तेच सर्वांत शहाणपणाचे ठरते.

लॅपटॉप जुना आहे असे म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. प्रोसेसर जुना होतो तो हळूहळू. २०१५ साली जो प्रोसेसर एखादा दस्तऐवज सहज उघडत होता, तो तो दस्तऐवज आजही तितक्याच सहज उघडतो. कार्यप्रणालीचे तसे नाही. तिचा आधार एका ठरलेल्या तारखेला संपतो आणि त्यानंतर सापडणारी सुरक्षेची भगदाडे बुजवायला कोणी उरत नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. या तारखा मला तोंडपाठ झाल्या आहेत, कारण माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यांतच असतात.

आधार संपला म्हणून यंत्र दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, आणि म्हणूनच पुष्कळांना ही बाब गंभीर वाटत नाही. खरी अडचण पाठोपाठ येते. प्रथम कार्यप्रणालीची अद्यतने थांबतात. काही काळाने ब्राउझर तिच्यासाठी नवी आवृत्ती काढणे थांबवतो. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेली ११० वी आवृत्ती त्यांवर बसतच नाही. ज्या मुलीचे वर्ग, गृहपाठ, अर्ज आणि शुल्कभरणा ब्राउझरमधूनच होणार, तिच्या हाती असा ब्राउझर देणे म्हणजे कडी नसलेल्या दाराच्या घरात तिला ठेवणे आहे. तिसऱ्या यंत्रावर विंडोज ७ आहे, एवढे एकच कारण ते आहे तसे न घेण्यास पुरेसे आहे.

विंडोज १० च्या बाबतीत थोडी सवलत आहे. वैयक्तिक वापरकर्त्यांनी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत केवळ सुरक्षेची अद्यतने मिळत राहतील, अशी व्यवस्था मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. त्यासाठी यंत्रावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. परंतु तीन-चार वर्षांच्या शिक्षणासाठी घेतलेल्या यंत्राला ही सवलत पुरणारी नाही. तिच्याकडे श्वास घ्यायला मिळालेली उसंत एवढ्याच दृष्टीने पाहावे.

मग विंडोज ११ चे काय? येथेच प्रोसेसरची पिढी महत्त्वाची होते. विंडोज ११ साठी ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त विश्वासार्ह प्रणालीच चालू देण्याची) सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत असावा लागतो. इंटेलच्या कोअर मालिकेत ही यादी, एखाददुसरा अपवाद सोडला, तर आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून सुरू होते. आपल्या पहिल्या यंत्रातला आय-५ ६३०० यू सहाव्या पिढीचा असल्याने यादीबाहेर राहतो. तेथेच सेलेरॉन एन ४०२० मात्र यादीत आहे, वेगाने आय-५ च्या जवळपासही जात नसताना. यादी वेग मोजत नाही, पात्रता मोजते. म्हणून ‘विंडोज ११ चालते’ या पाटीवरून यंत्र जलद असेल असा निष्कर्ष काढू नये, आणि ‘चालत नाही’ यावरून ते निकामी आहे असाही नाही.

यादीबाहेरच्या यंत्रावर आडमार्गाने विंडोज ११ बसवता येते, हे खरे आहे, आणि काही विक्रेते तसे बसवूनच यंत्र विकतात. मी ते टाळायला सांगतो. अशा यंत्राला अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आली की ती पुन्हा हाताने बसवण्याचा खटाटोप करावा लागू शकतो. ज्याला हे काम स्वतः करता येते, त्याने जरूर करावे. परंतु परीक्षेच्या आदल्या रात्री अडलेल्या विद्यार्थिनीला ते झेपणारे नाही. सहाव्या पिढीच्या यंत्रावर विंडोज ११ चालू दिसले, तर ते कसे बसवले हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

आता प्रोसेसरचे नाव कसे वाचावे ते सांगतो, कारण जाहिरातीत बहुधा केवळ ‘आय-५’ किंवा ‘आय-७’ एवढेच ठळक छापलेले असते आणि तेच सर्वांत कमी कामाचे असते. आय-५ ८२५० यू हे नाव घ्या. आय-५ नंतरचा पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. पुढचे आकडे त्या पिढीतले स्थान सांगतात आणि शेवटचे ‘यू’ हे अक्षर कमी वीज खाणारा, पातळ यंत्रांसाठीचा प्रोसेसर असल्याचे सांगते. आता आय-७ ७५०० यू पाहा. नाव वरचढ, पण पिढी सातवी. या प्रोसेसरमध्ये दोनच गाभे (कोअर, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे भाग) आहेत, आणि एका पिढीनंतर आलेल्या आय-५ ८२५० यू मध्ये चार. आठव्या पिढीत इंटेलने यू मालिकेच्या आय-५ आणि आय-७ मधील गाभे दुप्पट केले. त्यामुळे व्हिडिओवर्ग चालू असताना मागे दहा टॅब आणि एक मोठा तक्ता उघडा ठेवायचा, तर आठव्या पिढीचा आय-५ सातव्या पिढीच्या आय-७ ला मागे टाकतो. आठव्या पिढीचा आग्रह मी धरतो तो केवळ विंडोज ११ साठी नव्हे. हा गाभ्यांचा फरक त्यामागचे दुसरे आणि माझ्या लेखी तितकेच मोठे कारण आहे. दहाव्या पिढीपासून नावे पाच अंकी झाली आणि काहींत अक्षरे मधोमध आली, तेव्हा तेथे पहिले दोन आकडे पिढीचे समजावेत.

गिगाहर्ट्‌झच्या आकड्यानेही फसगत होते. सेलेरॉन एन ४०२० चा कमाल वेग २.८ गिगाहर्ट्‌झ लिहिलेला असतो आणि आय-५ ८२५० यू चा मूळ वेग १.६. दोन्ही आकडे शेजारी छापले, तर अजाण माणूस सेलेरॉनच उचलेल. वस्तुतः सेलेरॉनचा मूळ वेग १.१ आहे, २.८ हा थोड्या वेळासाठी गाठायचा वरचा टप्पा आहे. आय-५ चा तसा टप्पा ३.४ आहे. शिवाय प्रत्येक ठोक्याला होणारे काम दोघांत वेगवेगळे असते. वेगवेगळ्या जातींच्या प्रोसेसरचे गिगाहर्ट्‌झ एकमेकांशी ताडू नयेत.

एएमडीच्या नावांत जरा अधिक सावध राहावे लागते. जुन्या स्वस्त यंत्रांत आढळणारे ए-४, ए-६ आणि ई-२ हे प्रोसेसर आज घेऊ नयेत. रायझन मालिका उत्तम आहे, पण तिच्या आकड्यांवरून वय कळतेच असे नाही. रायझन ५ २५०० यू हे नाव दुसऱ्या पिढीचे वाटते, परंतु आतली रचना पहिल्या झेनची (झेन हे एएमडीच्या रचनामालिकेचे नाव) आहे आणि विंडोज ११ च्या यादीत ते बसत नाही. रायझन ५ ३५०० यू बसते. अलीकडच्या यंत्रांतही हा घोळ आहे. रायझन ५ ७५२० यू या नावातला पहिला ७ पाहून नवी रचना असेल असे वाटते. प्रत्यक्षात रचना सांगणारा आकडा तिसरा आहे, आणि तो २ असल्यामुळे आत २०१९ साली प्रथम आलेली झेन २ रचना आहे. तो प्रोसेसर वाईट नाही, आपल्या कामाला चांगलाच पुरेल. फक्त नव्या रचनेचे पैसे त्यासाठी मोजू नयेत.

व्हिडिओच्या बाबतीत प्रोसेसरचे वय एका ठिकाणी स्पष्ट दिसते. इंटरनेटवरचे व्हिडिओ आज बहुतांशी व्हीपी९ सारख्या दाबलेल्या स्वरूपात येतात आणि ते उलगडण्यासाठी चित्रविभागात (ग्राफिक्समध्ये) खास सोय असली, तर प्रोसेसरवर भार पडत नाही. इंटेलमध्ये व्हीपी९ आणि १०-बिट एचईव्हीसी या दोन्ही स्वरूपांची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आहे. एव्ही१ या त्याहून नव्या स्वरूपाची अकराव्या पिढीपासून. चौथ्या पिढीच्या आय-७ वर तोच व्हिडिओ लावला की सगळे काम मुख्य गाभ्यांवर येते, पंखा जोराने फिरू लागतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. न्यायाने सांगायचे तर सेलेरॉन एन ४०२० मध्ये व्हीपी९ ची सोय आहे आणि नुसता व्हिडिओ तो शांतपणे दाखवतो. परंतु वर्गात बोलताना आपला कॅमेरा चालू, पार्श्वभूमी धूसर केलेली आणि शेजारी टिपणवही उघडी, असे झाले की दोन गाभे आणि ४ जीबी रॅम यांची दमछाक होते. आवाज तुटू लागतो.

यापुढचा भाग मी प्रोसेसरपेक्षाही महत्त्वाचा मानतो. रोजच्या वापरात लॅपटॉप मंद वाटतो, तो बहुतेक वेळा साठवणीमुळे. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते. ठिकठिकाणी विखुरलेला मजकूर वाचताना तिचा काटा दर वेळी हलवावा लागतो आणि त्यामुळे असे तुटक वाचन सेकंदाला शंभरदेखील होत नाही. साध्या साटा एसएसडीवर (साटा ही साठवण जोडण्याची जुनी, साधी पद्धत) ते हजारोंच्या घरात होते. विंडोज सुरू होणे, ब्राउझर उघडणे, अद्यतन बसणे, ही सारी कामे अशा तुटक वाचनाचीच असतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका शिक्षिकेचा लॅपटॉप आला होता. त्या तो टाकून नवा घेण्याच्या विचारात होत्या. टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर १० टक्क्यांच्या खाली आणि डिस्क सलग १०० टक्क्यांवर. यंत्र सुरू होऊन ब्राउझर उघडायला चार मिनिटे लागत होती. हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवली, कार्यप्रणाली नव्याने घातली आणि तेच काम अर्ध्या मिनिटात होऊ लागले. प्रोसेसर तोच, रॅम तीच. त्यांनी त्या यंत्रावर पुढे तीन वर्षे प्रश्नपत्रिका काढल्या.

ईएमएमसी हा तिसरा प्रकार, आणि स्वस्त नव्या लॅपटॉपच्या खोक्यावर तो पुष्कळदा नुसत्या ‘६४ जीबी स्टोरेज’ या शब्दांमागे लपलेला असतो. ती भ्रमणध्वनीत असते तशी चिप आहे, मदरबोर्डवर डाखलेली (सोल्डर केलेली). वेगात हार्ड डिस्कपेक्षा बरी, एसएसडीपेक्षा पुष्कळच उणी. तिची खरी अडचण जागेची आहे. ६४ जीबीपैकी २० जीबीहून अधिक विंडोज स्वतःच घेते. वर अद्यतने, ब्राउझरचा साठा आणि कार्यालयीन प्रणाल्या आल्या की वर्षभरात तांबडी पट्टी दिसू लागते, आणि मोठ्या अद्यतनाला लागणारी मोकळी जागा न मिळाल्याने अद्यतनच अडते. ज्या सुरक्षिततेसाठी नवे यंत्र घेतले, तीच अशा रीतीने हातची जाते. डाखलेली चिप काढून मोठी बसवता येत नाही आणि दुसरी जागा बहुधा नसते. रॅमचेही तसेच: या वर्गातल्या यंत्रांत ४ जीबी रॅम बहुतेकदा डाखलेलीच असते, आणि आजच्या ब्राउझरला ४ जीबी अपुरी पडते. आपल्या दुसऱ्या यंत्राला माझा विरोध आहे तो प्रोसेसरपेक्षा याच दोन गोष्टींमुळे. ते पहिल्या दिवशी जसे आहे त्याहून कधीच बरे होऊ शकणार नाही.

याउलट कार्यालयीन जातीच्या यंत्रांची, म्हणजे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांसारख्या मालिकांची रचना दुरुस्ती गृहीत धरून केलेली असते. खालचे झाकण काही स्क्रू काढले की उघडते, रॅमची खाच समोर असते, एसएसडी बदलता येते, कीबोर्ड आणि बॅटरी सुटी मिळते. तरी प्रत्येक मॉडेल तपासून पाहावे, कारण या मालिकांतल्या अतिपातळ यंत्रांत रॅम डाखलेली असू शकते. रॅमची पट्टी विकत घेण्याआधी प्रकारही पाहावा: सहाव्या पिढीच्या यंत्रांत डीडीआर३एल आणि डीडीआर४ असे दोन्ही प्रकार आढळतात आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. एसएसडीच्या एम.२ खाचेचेही तसेच आहे. काही जुन्या यंत्रांत ती केवळ साटा प्रकार ओळखते, एनव्हीएमई हा अधिक जलद प्रकार ओळखत नाही. एकच ८ जीबीची पट्टी असेल आणि दुसरी खाच रिकामी असेल, तर तो यंत्राचा गुणच समजावा. पुढे आणखी ८ जीबी घालता येईल आणि दोन पट्ट्यांमुळे चित्रविभागालाही मदत होईल.

वापरलेले यंत्र घेण्यापूर्वी ते अर्धा तास हाताळायला मिळालेच पाहिजे. मिळत नसेल तर व्यवहार सोडून द्यावा. मी सर्वांत आधी बॅटरीचा अहवाल काढतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेला ‘बॅटरीरिपोर्ट’ हा पर्याय जोडला की एक पान तयार होते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३१,००० असेल, तर बॅटरीत ६२ टक्के जीव उरला आहे. साठ टक्क्यांच्या खाली आकडा आला की नव्या बॅटरीची किंमत यंत्राच्या किमतीत मिळवूनच मी हिशेब करतो. विक्रेता ‘बॅकअप चांगला आहे’ म्हणतो, त्याऐवजी हे दोन आकडे पाहावेत. बॅटरी फुगलेली असली तर टचपॅड वर उचललेले दिसते किंवा झाकण नीट मिटत नाही. असे यंत्र चालत असले तरी घरी आणू नये.

दुसरी तपासणी कुलपाची. कार्यालयातून बाहेर पडलेल्या यंत्रांच्या बायोसला (कार्यप्रणालीच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रणालीला) पूर्वीच्या संस्थेचा संकेतशब्द राहिलेला असू शकतो. असे यंत्र विंडोजमध्ये छान चालते, आणि ज्या दिवशी पेनड्राइव्हवरून नवी कार्यप्रणाली बसवायला घ्यावी त्या दिवशी दार बंद असल्याचे कळते. माझ्या परिचितांपैकी एकाला असेच यंत्र विकले गेले आणि विक्रेत्याने नंतर हात वर केले; शेवटी मदरबोर्ड बदलावा लागला. म्हणून यंत्र सुरू होताना एफ२, एफ१ किंवा त्या बनावटीची जी कळ असेल ती दाबून बायोसमध्ये जावे, एखादी किरकोळ सेटिंग बदलून ती जतन होते का पाहावे. तेथेच टीपीएम चालू आहे का तेही कळते. आठव्या पिढीच्या यंत्रात ती चिप असूनही पुष्कळदा बंद ठेवलेली असते आणि ‘हे यंत्र विंडोज ११ ला अपात्र आहे’ असा संदेश केवळ त्यामुळे येतो. शक्य असेल तर विक्रेत्याकडूनच विंडोज नव्याने घालून घ्यावी आणि इंटरनेट जोडून पहिली मांडणी आपल्यासमोर करावी. त्या वेळी एखाद्या संस्थेचे नाव आणि तिचे प्रवेशपान समोर आले, तर यंत्र अजून त्या संस्थेच्या नोंदीत आहे असे समजावे. सेटिंगमध्ये विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसते का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

बाकीचे थोडक्यात सांगतो. बिजागऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्या घट्ट असाव्यात. कीबोर्डची प्रत्येक कळ एका रिकाम्या पानावर दाबून पाहावी. स्क्रीन १९२० बाय १०८० ची असावी. १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर दोन खिडक्या शेजारी ठेवून लिहिता येत नाही, आणि अभ्यासात तेच तर दिवसभर करायचे असते. वायफाय ५ गिगाहर्ट्‌झची जाळी पकडते का, कॅमेरा आणि ध्वनिग्राहक चालतात का, एवढे पाहावे. एखादा मोठा व्हिडिओ दहा मिनिटे लावून तळाला हात लावावा. कडक तापून यंत्र अडखळू लागले, तर आत धूळ साचली आहे किंवा प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट वाळला आहे. हा दोष दुरुस्त होणारा आहे, पण किंमत ठरवताना तो बोलून दाखवावा.

आता पहिल्या यंत्राकडे वळू. आठव्या पिढीचे मिळालेच नाही आणि हेच घ्यावे लागले, तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली घालावी, असे मी सुचवेन. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढ्यावर ते अगदी सहज चालते. मिंटच्या २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, म्हणजे हार्डवेअर टिकले तर शिक्षण पूर्ण होईपर्यंत सुरक्षिततेची चिंता नाही. ब्राउझर तेच असतात, व्हिडिओवर्ग ब्राउझरमधून होतात, लिब्रऑफिस या कार्यालयीन कामाच्या प्रणालीत लेखन, तक्ते आणि सादरीकरणे होतात. न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून पाहण्याची सोय आहे. ती वापरून वायफाय, आवाज आणि कॅमेरा चालतो का हे विकत घेण्यापूर्वीच तपासता येते.

मात्र त्याच्या मर्यादा आधी सांगितल्या पाहिजेत. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची संगणकावर बसणारी आवृत्ती लिनक्सवर मिळत नाही, ब्राउझरमधली चालते. गुंतागुंतीची मांडणी असलेला दस्तऐवज लिब्रऑफिसमध्ये उघडला की तक्ते थोडे सरकतात, तेव्हा जमा करायची अंतिम प्रत पीडीएफ करून पाठवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निगराणीखाली होणाऱ्या ऑनलाइन परीक्षांच्या काही प्रणाल्या फक्त विंडोज आणि मॅकवर चालतात. तेव्हा मुलीच्या अभ्यासक्रमात अशी परीक्षा आहे का, विंडोजवरच चालणारी एखादी विषयाची प्रणाली, जसे की अभियांत्रिकी आरेखन किंवा लेखाविषयक, सक्तीची आहे का, हे महाविद्यालयाकडे लेखी विचारून घ्यावे. उत्तर ‘आहे’ असे आले, तर पहिले यंत्रही बाजूला ठेवावे लागेल आणि आठव्या पिढीच्या शोधाला पर्याय उरणार नाही.

तिसऱ्या यंत्राबद्दल एक शेवटची बाब, कारण ‘आय-७ आणि १ टीबी’ या शब्दांची ओढ मला समजते. त्यातली हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली आणि लिनक्स बसवले, तर तेही लेखनासाठी चालू लागेल. परंतु एसएसडी आणि बहुधा नवी बॅटरी धरून होणारा खर्च पहिल्या यंत्राच्या किमतीला जाऊन भिडतो, आणि हाती मात्र अधिक तापणारे, २०१३-१४ च्या सुमाराचे यंत्र राहते. तेच यंत्र घरात आधीपासून पडून असते, तर मी ते टाकू दिले नसते. विकत आणण्याजोगे मात्र ते नाही.

शोध घेताना आय-५ ८२५० यू, ८२६५ यू, ८३५० यू आणि रायझन ५ ३५०० यू ही चार नावे कागदावर लिहून ठेवावीत. यांपैकी कोणताही प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एक रिकामी खाच, किमान २५६ जीबीची एसएसडी आणि साठ टक्क्यांहून अधिक जीव असलेली बॅटरी, एवढे एकत्र मिळाले की रंग उडालेला आहे किंवा झाकणावर ओरखडे आहेत म्हणून अडून बसू नये. महाविद्यालयाचे उत्तर आले आणि एखादे मॉडेल नजरेत भरले, की त्याचे पूर्ण नाव व बॅटरीच्या अहवालातले दोन आकडे मला कळवावेत. रॅमच्या खाचा किती आणि एसएसडी कोणत्या प्रकारची बसेल, हे मी पाहून सांगेन.